इरिना कालिनिना यांचे छायाचित्र आणि येवगेनी मालोलेत्का

सांजवात

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे साडेतीन वाजता एक पांढरी फोक्सवॅगन व्हॅन युक्रेनमधील मारिउपोल शहरात शिरली. तीत असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, या वृत्तसंस्थेसाठी काम करणारे दोन युक्रेनियन होते. एक व्हिडिओ पत्रकार मस्तिस्लाव चेर्नोव आणि दुसरे छायाचित्रकार येवगेनी मालोलेत्का, ज्यांची ती व्हॅन होती. जवळ जादा टायर असावेत असे वाटल्यामुळे त्यांनी वाटेतच इंटरनेटवर शोधून भर मध्यरात्री एका माणसाकडून ते विकत घेतले होते. युद्धाची तयारी करीत आहोत, असे सांगितल्यावर त्या माणसाने वेड्याकडे पाहावे तसे त्यांच्याकडे पाहिले. शहरात पोचल्यानंतर तासाभरातच युद्ध सुरू झाले.

मालोलेत्का यांचे नाव जगाला एका छायाचित्रामुळे कळले. ते छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल: जळक्या झाडांच्या आणि फुटक्या इमारतीच्या पार्श्वभूमीवर काही माणसे एका जखमी गर्भवती स्त्रीला स्ट्रेचरवरून वाहून नेत आहेत, तिच्या अंगाखाली काळ्या ठिपक्यांचे लाल कापड आहे आणि तिचा एक हात पोटाशी आहे. मीही ते तेव्हा पाहिले, हळहळले आणि पुढच्या बातमीकडे वळले. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या कामाविषयी जे मिळेल ते वाचत गेले, तेव्हा लक्षात आले की कॅमेऱ्याची कळ दाबणे हा त्या कामाचा सर्वांत छोटा भाग होता. छायाचित्र वेढलेल्या शहराबाहेर पोचवणे, ते खोटे ठरवले गेल्यावर त्याच्या पाठीशी उभे राहणे आणि चित्रातल्या माणसाचे पुढे काय झाले याचा शोध घेणे, यातच त्यांचे दिवस गेले आणि त्यातच जीव जाण्याची वेळ आली. हा धागा त्याविषयी आहे.

मालोलेत्का यांचा जन्म १९८७ साली बर्द्यान्स्क या अझोव समुद्राकाठच्या बंदराच्या गावी झाला. कीव पॉलिटेक्निकमधून त्यांनी २०१० साली इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण पूर्ण केले, परंतु त्याच्या आदल्या वर्षीपासूनच ते युनिआन या युक्रेनियन वृत्तसंस्थेसाठी छायाचित्रे काढू लागले होते. पुढे २०१३-१४ च्या हिवाळ्यात कीवच्या मैदान चौकात झालेले आंदोलन त्यांनी टिपले आणि २०१४ पासून पूर्व युक्रेनच्या दोन्बास प्रदेशातील रशियासमर्थक फुटीरवाद्यांशी चाललेल्या लढाईची छायाचित्रे ते काढत राहिले. कार्पेथियन डोंगरांत राहणाऱ्या हुत्सूल लोकांच्या चालीरीती आणि त्यांचे रोजचे जगणे हा त्यांचा दुसरा, संथपणे चाललेला विषय होता. त्यांच्या परिचयात या कामाचा उल्लेख जाता जाता येतो, पण मला तो फार मोलाचा वाटतो. एखाद्या घरात शिरल्यावर दुःखात किंवा आनंदात असलेल्या माणसापासून किती अंतरावर उभे राहावे, हे ज्ञान रणांगणावर मिळत नाही. ते अशा कामातून अंगी मुरत असावे.

मारिउपोलची निवड त्यांनी विचारपूर्वक केली होती. रशियाने २०१४ साली बळकावलेला क्रिमिया आणि दोन्बासमधील फुटीरवाद्यांच्या ताब्यातला भाग यांच्या मधल्या किनाऱ्यावर वसलेले हे बंदर घेतल्याखेरीज रशियाला दोन्ही प्रदेश जमिनीवरून जोडता येणार नव्हते. शहराची लोकसंख्या सुमारे ४,३०,००० होती आणि त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक पहिल्या काही दिवसांत बाहेर पडले. उरलेल्यांचा वीजपुरवठा, पाणी आणि अन्नाची आवक एकेक करून तुटत गेली, मग मोबाइल, रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे मनोरेही निकामी झाले. बाहेरचे इतर पत्रकार वाट खुली होती तोवर निघून गेले. हे दोघे थांबले आणि त्या शहरातील आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेचे शेवटचे पत्रकार ठरले.

२७ फेब्रुवारी रोजी तोफगोळ्यांनी जखमी झालेल्या एका चिमुकलीला डॉक्टर वाचवू पाहत होते आणि ती वाचली नाही, तेव्हा त्यांच्यापैकी एका डॉक्टरांनी थेट कॅमेऱ्याकडे पाहून म्हटले, “हे पुतिनला दाखवा.” दाखवायचे कसे, हाच पुढे रोजचा प्रश्न झाला. शहरात इंटरनेटचा थोडाफार संपर्क मिळणारी जागा बुदिवेल्निकिव रस्त्यावरच्या, लुटल्या गेलेल्या एका किराणा दुकानाबाहेर होती. तेथे दिवसातून एकदा जायचे, जिन्याखाली दबून बसायचे आणि छायाचित्रे पाठवायची. मार्चच्या सुरुवातीस तोही संपर्क गेला.

९ मार्चला प्रसूतिगृहावर हवाई हल्ला झाला. दोघे तेथे पोचले तेव्हा बचाव पथके जखमी गर्भवतींना बाहेर काढत होती. आपण ज्या छायाचित्राविषयी बोलत आहोत ते याच वेळचे आहे. त्यानंतर वोलोदिमिर निकूलिन या पोलीस अधिकाऱ्याने त्यांना वीज आणि इंटरनेट मिळेल अशा ठिकाणी नेले, कारण हे जगाला दिसलेच पाहिजे असे त्याला वाटत होते. चित्रीकरणाचे तीन तुकडे केले गेले आणि तीन फोनांवरून ते पाठवायला संचारबंदीची वेळ उलटून कित्येक तास लागले. बाहेर तोफा चालू होत्या आणि पोलीस शांतपणे थांबून राहिले होते.

पाठवलेल्या छायाचित्रांचे जगात काय झाले हे त्या दोघांना समजत नव्हते, कारण ते जगापासून तुटलेले होते. लंडनमधील रशियन दूतावासाने ती छायाचित्रे बनावट असल्याचे आणि त्यांतील एक गर्भवती स्त्री अभिनेत्री असल्याचे जाहीर केले होते. रुग्णालय आधीच सशस्त्र गटाच्या ताब्यात होते आणि तेथे रुग्ण नव्हतेच, असे रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव सांगत होते. ११ मार्च रोजी उपग्रह फोनवर संपादकाशी थोडा वेळ बोलणे झाले, तेव्हा त्यांना विचारले गेले, की त्या हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया शोधता येतील का. म्हणजे जखमी स्त्रिया खरोखर अस्तित्वात होत्या, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता छायाचित्रकारावर आली होती!

ते गेले. लढाईच्या तोंडावर असलेल्या एका रुग्णालयात त्यांना त्या स्त्रिया सापडल्या. कोणी बाळंतीण झाली होती, कोणी कळा देत होती. स्ट्रेचरवरील स्त्री आणि तिचे बाळ दोघेही दगावल्याचे तेथेच समजले. आणि त्याच रुग्णालयात ते अडकले, कारण रशियन रणगाड्यांनी त्या भागाला वेढा घातला. डॉक्टरांनी त्यांना आपले पांढरे कपडे घालायला दिले. १५ मार्चच्या पहाटे युक्रेनियन सैनिकांची एक तुकडी त्यांचा शोध घेत आत आली आणि गोळीबारातून त्यांना बाहेर घेऊन गेली. रशियनांकडे असलेल्या नावांच्या यादीत या दोघांची नावे होती. एका पोलिसाने त्यांना निघून जाण्याचे कारण सांगितले ते असे, की तुम्ही पकडले गेलात तर कॅमेऱ्यासमोर बसवून तुमच्याकडून जे टिपले ते सगळे खोटे आहे असे वदवून घेतील. त्याच दिवशी निकूलिन यांच्या कुटुंबाबरोबर, त्यांच्या मोटारीतून, ते १५ रशियन तपासणी नाके पार करून बाहेर पडले. दुसऱ्याच दिवशी मारिउपोलच्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला आणि तेव्हा ते टिपायला तेथे कोणी उरले नव्हते.

पुरस्कारांचा उल्लेख थोडक्यात करते. २०२३ साली या छायाचित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातील सर्वोत्तम छायाचित्राचा मान मिळाला. त्याच वर्षी मालोलेत्का, चेर्नोव, वासिलिसा स्तेपानेन्को आणि लोरी हिनंट यांच्या कामासाठी एपीला लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक देण्यात आले. चेर्नोव यांच्या ‘२० डेज इन मारिउपोल’ या माहितीपटाला मार्च २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले. तो क्षण विसरावासा वाटतो पण विसरता येत नाही, असे मालोलेत्का यांनी त्या छायाचित्राविषयी सांगितले आहे.

वाटसरू

अत्यंत माहितीपूर्ण लेखन. एक भर घालतो. मालोलेत्का यांचे जन्मगाव बर्द्यान्स्क मारिउपोलच्या पश्चिमेला, त्याच किनाऱ्यावर आहे आणि २७ फेब्रुवारी २०२२ रोजीच ते रशियन सैन्याच्या ताब्यात गेले. म्हणजे ज्या दिवशी डॉक्टर त्या मुलीसाठी झटत होते, त्याच दिवशी हा माणूस आपले गावही गमावत होता. परक्या देशातून आलेला छायाचित्रकार काम झाल्यावर विमानाने घरी जातो, या माणसाचे घरच वेढ्यात आले होते. हा फरक त्यांच्या छायाचित्रांत मला जाणवतो. त्यांत नाट्यमय प्रकाशाचा किंवा चमकदार रचनेचा सोस नाही.

मात्र एक प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आजही सुटलेला नाही. मी त्या काळात एका दैनिकाच्या रात्रपाळीवर होतो. हे छायाचित्र वृत्तसंस्थेकडून आले तेव्हा ते पहिल्या पानावर घ्यावे की नाही यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. बाळंतपणाच्या वेदनेत, अर्धवट शुद्धीत असलेल्या त्या स्त्रीने कोणालाच परवानगी दिलेली नव्हती. आपल्या घरातील लेकीचे असे छायाचित्र जगभर छापलेले आपल्याला चालेल का, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले आणि कोणालाच उत्तर देता आले नाही. शेवटी आम्ही ते आतल्या पानावर, लहान आकारात छापले. तो निर्णय योग्य होता असे मी आज म्हणणार नाही, पण तो प्रश्न चुकीचा होता असेही मला म्हणता येत नाही.

अबोली

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून वैद्यकीय बाजू सांगते. तेथील शल्यचिकित्सकांनी एपीला जे सांगितले त्यानुसार तिचे ओटीपोटाचे हाड चुरडले होते आणि मांडीचा सांधा निखळला होता. गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत त्या भागात रक्तपुरवठा खूप वाढलेला असतो, त्यामुळे अशा दुखापतीत होणारा रक्तस्राव सुसज्ज रुग्णालयातही आवरणे कठीण जाते. येथे तर वीज आणि पाणी तुटलेले होते. शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढले तेव्हा त्याच्यात जीवाची कोणतीही खूण नव्हती. त्यानंतर आईला वाचवण्यासाठी डॉक्टर अर्धा तासाहून अधिक काळ झटत राहिले.

त्या वृत्तातील एक तपशील मला विसरता येत नाही. तिचे नाव विचारून घ्यायलाही डॉक्टरांना उसंत मिळाली नव्हती आणि त्याआधीच तिचे पती व वडील येऊन तिचा मृतदेह घेऊन गेले. निदान कोणीतरी न्यायला आले, ती सामूहिक खड्ड्यात गेली नाही, याचे त्या डॉक्टरांना समाधान वाटले होते. त्या दिवसांत मारिउपोलच्या दफनभूमीत लांब चर खणून त्यांत मृतदेह ठेवले जात होते आणि मालोलेत्का यांनी तेही टिपले आहे.

सांजवात

वाटसरू, तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू मूळ लेखात सुटली, ती येथे सांगते. त्याच हल्ल्यातून वाचलेल्या आणखी एका गर्भवतीचे छायाचित्र जगभर गेले होते. ती समाजमाध्यमांवर सौंदर्यप्रसाधनांविषयी लिहीत असे, आणि ही अभिनेत्री आहे असा रशियन प्रचार तिच्याच बाबतीत झाला. तिला पुढे मुलगी झाली. नंतरच्या मुलाखतींत तिने छायाचित्रकारांविषयी नाराजी बोलून दाखवली. तिच्या वाट्याला शिव्या, धमक्या आणि संशय आला, आणि त्याचे मूळ त्या छायाचित्रात होते. तेव्हा परवानगीचा प्रश्न केवळ सभ्यतेचा नाही, जिवंत माणसाला त्याची किंमत मोजावी लागते, हे मला मान्य आहे.

तरीही मी ते छायाचित्र छापण्याच्याच बाजूने आहे. त्या शहरात दुसरा साक्षीदार नव्हता. रुग्णालय रिकामे होते असे एक परराष्ट्रमंत्री सांगत असताना, ते रिकामे नव्हते हे सांगणारी गोष्ट तेवढीच होती.

चौकट

मी लग्नसमारंभांची आणि कधीमधी वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढतो, म्हणून या धाग्यावर लिहिण्याचे धाडस करतो. साक्षीदार हा शब्द सांजवात यांनी वापरला, तो आमच्या कामात अगदी शब्दशः खरा ठरू शकतो. डिजिटल कॅमेऱ्यातील मूळ फाइलमध्ये दिवस, वेळ, लेन्स, शटरचा वेग इत्यादी नोंदी असतात आणि एका घटनेची एकच नव्हे तर ओळीने अनेक छायाचित्रे असतात. ते स्ट्रेचर इमारतीकडून अंगणात, अंगणातून पुढे कसे गेले, हे त्या क्रमातून कळते, आणि शेजारी चेर्नोव यांचे चित्रीकरण चालू होतेच. इतका क्रम बनवून उभा करणे फार अवघड असते. ऑर्गनायझेशन फॉर सिक्युरिटी अँड को-ऑपरेशन इन युरोप या संघटनेच्या तज्ज्ञांनी एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात हा हल्ला जाणूनबुजून केलेला आणि युद्धगुन्हा असल्याचे म्हटले. एपीने फ्रंटलाइन या अमेरिकी कार्यक्रमाबरोबर अशा घटनांची नोंद ठेवणारा स्वतंत्र प्रकल्पही चालवला.

आपल्याकडे याचे उदाहरण मुंबईतच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसोझा यांनी बंदूक घेतलेल्या अजमल कसाबचे छायाचित्र काढले आणि पुढे खटल्यात न्यायालयात उभे राहून साक्ष दिली. त्यांना साक्ष देण्यासाठी न्यायालय मिळाले. मालोलेत्का यांच्याकडे तेव्हा न्यायालय नव्हते, म्हणून ते स्वतःच पुरावा शोधत रुग्णालयात गेले, असे मला वाटते.

वाटसरू

चौकट, हा मुद्दा पटला. पण छायाचित्राकडून अपेक्षा किती ठेवावी, याविषयी एका दुसऱ्या युक्रेनियन छायाचित्रकाराची आठवण येथे यायला हवी. माक्स लेविन १९८१ साली जन्मले, रॉयटर्ससह अनेक संस्थांसाठी त्यांनी काम केले आणि त्यांना चार मुलगे होते. युद्ध थांबवेल असे छायाचित्र काढावे हे प्रत्येक युक्रेनियन छायाचित्रकाराचे स्वप्न असते, असे त्यांनी म्हटले होते. १३ मार्च २०२२ रोजी ते कीवच्या उत्तरेकडील जंगलात आपला हरवलेला ड्रोन शोधायला गेले. १ एप्रिल रोजी हुता-मेझिहिर्स्का या गावाजवळ त्यांचा मृतदेह सापडला. त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या सैनिक मित्राला पकडून ठार मारण्यात आल्याचा निष्कर्ष रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सने आपल्या तपासात काढला. लेविन मारले गेले त्याच दिवसांत मालोलेत्काही तशाच धोक्यात, मारिउपोलच्या त्या रुग्णालयात अडकलेले होते.

प्रसूतिगृहाच्या छायाचित्राने युद्धाची दिशा बदलेल, असे त्यांना मदत करणाऱ्या पोलिसालाही वाटले होते. तसे घडले नाही, मारिउपोल मे महिन्यात पडले. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही.

सांजवात

खरे आहे. चेर्नोव यांनीही ऑस्करच्या मंचावर सांगितले, की हा माहितीपट करण्याची वेळच आली नसती तर बरे झाले असते.

बाहेर पडतानाची एक गोष्ट मूळ लेखात राहिली. युलिया पायेव्स्का, ज्यांना सगळे ताइरा म्हणून ओळखतात, या स्वयंसेवी वैद्यकीय कार्यकर्त्या मारिउपोलमध्ये जखमींवर उपचार करीत होत्या आणि अंगावरच्या छोट्या कॅमेऱ्याने ते टिपत होत्या. त्यांत युक्रेनियन सैनिक होते तसे रशियनही होते. ते २५६ गिगाबाइटचे सारे चित्रीकरण त्यांनी एका इवल्याशा कार्डावर या पत्रकारांच्या हाती दिले आणि ते टॅम्पॉनमध्ये लपवून त्या १५ नाक्यांवरून बाहेर काढण्यात आले. दुसऱ्याच दिवशी, १६ मार्चला, ताइरा पकडल्या गेल्या आणि तीन महिने कैदेत राहिल्या. म्हणजे आपल्या कॅमेऱ्यातलेच नव्हे, दुसऱ्याने सोपवलेलेही त्यांनी तितक्याच जोखमीने पोचवले.

अबोली

सांजवात, एक विनंती आहे. धाग्याचे आताचे शीर्षक ‘स्ट्रेचरवरील स्त्री आणि तिचा छायाचित्रकार’ असे आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, डिसेंबर १९८४ मध्ये, मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला, आणि बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा हाच सर्वोच्च मान मिळाला. त्या बालकाचे नाव मात्र कोणालाच कळले नाही. इथे तसे नाही. वर्ल्ड प्रेस फोटोने प्रसिद्ध केलेल्या फोटोओळीत तिचे नाव इरिना कालिनिना, वय ३२, असे दिले आहे आणि बाळाचे नावही दिले आहे. ते मिरोन होते, शांती या अर्थाच्या शब्दावरून ठेवलेले. बाळ मृत जन्मले आणि अर्ध्या तासाने आई गेली, असे त्या ओळीत पुढे म्हटले आहे. ज्या नावासाठी डॉक्टरांना उसंत नव्हती, ते कोणीतरी मागाहून शोधून, खात्री करून छापले आहे. मग आपण तिला स्ट्रेचरवरील स्त्री का म्हणावे?

सांजवात

अबोली, तुमचे म्हणणे बरोबर आहे. मी संपूर्ण लेखात तिचे नाव एकदाही लिहिले नाही, हे आता वाचताना दिसले. संपादक मंडळाला शीर्षक बदलण्याची विनंती केली होती, ते आज दुपारी बदलून मिळाले आहे.